माझ्याच बोअरला सील

माझ्या आगाऊ नातीस,

पाणीखात्यात साहेब झालीस आणि पहिलं सील ठोकलंस ते माझ्याच बोअरला! आपली बोअर खालच्या गल्लीच्या विहिरी आटवते, म्हणालीस. चारचौघांत तुझा उद्धार केला, तरी तुझा हात थांबला नाही.

आता मीही नळाच्या रांगेत उभी राहते. काल शेजारीण वशिला लावायला आली. "आजी, आमची बोअर तेवढी वाचवा. तुमचं ऐकेल ती."

मी म्हटलं, "बाई गं, सख्ख्या आजीला सोडलं नाही तिनं, तू कोण लागून गेलीस?" हे सांगताना अशी ताठ उभी राहिले, की कंबरदुखीच विसरले.

पत्र मात्र पाठवणार नाही. माझ्याच डोक्यावर मिरे वाटशील.

अजून राग न गेलेली,
तुझी आजी