'राधा' टगवर परत घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता (जलव्यवस्था),
कारखाना कार्यालय, मुलुंड (पश्चिम).

विषय : नारळ अर्पण केल्यावरून झालेली भांडारातील बदली रद्द होण्याबाबत.
संदर्भ : नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा आपला तोंडी आदेश.

महोदय,

अर्जदार शिवदास लवू तांडेल हा कारखान्याच्या जलाशयावर 'राधा' ही लहान टग (ओढबोट) चालवीत असे. गाळाचा तराफा ओढणे व जलपर्णी पंपघराच्या जाळीपासून दूर लोटणे, हे त्याचे काम. सांप्रत तो भांडारात नटबोल्ट वाटतो.

१. अर्जदाराने नारळ 'फेकला' असे आपण म्हणालात. हा शब्द अर्जदारास अमान्य आहे. ज्या पाण्यावर पोट चालते त्यास पौर्णिमेस नारळ द्यावयाचा, हा त्याच्या रत्नागिरीकडील घराण्याचा कुळाचार. नारळ लाल कापडात गुंडाळून, हात जोडून सोडला होता.

२. समुद्रातील नारळ ओहोटीबरोबर जातो. जलाशयास ओहोटी नाही. तेथील पाण्याचा ओढा पंपाकडे, हे भक्तिभावात ध्यानी आले नाही. कापड सुटून जाळीत अडकले, पंप तापला, दुपारपाळी बंद पडली. हे अर्जदार नाकारीत नाही. तथापि पाण्यात उतरून ते कापड काढणाराही अर्जदारच होता, याचा उल्लेख कोणी केलेला नाही.

३. सहकारी हसतात : "शिवदास, देवाने तुझा नारळ रिटर्न केला रे!" पत्नी सौ. रत्नप्रभा हिने तर "अहो, टाकीला कोण नारळ वाहतं? उद्या नळाची पूजा मांडाल!" असे सुनावले. अर्जदाराने तिजपुढे सप्रमाण युक्तिवाद मांडला. ती भाजी निवडीत राहिली.

४. टग आता ट्रॅक्टरचालक श्री. धोंडिराम यांच्याकडे आहे. मनुष्य सज्जन, परंतु टग थांबविताना पायाने ब्रेक शोधतात. परवा मागून आलेला तराफा काठावर चढला. ते स्वतःच म्हणाले, "तांडेल, ये रे बाबा परत, माझी वाट लागलीय."

५. भांडाराची जमीन हलत नाही, ही मुख्य तक्रार होय. अर्जदारास तेथे बसवत नाही, उभे राहवत नाही. स्टूल डोलवीत बसल्याने किंचित बरे वाटे. भांडारप्रमुखांनी स्टुलाच्या पायाखाली पाचर ठोकली. खिडकीतून इंजिनाचा आवाज आला की अर्जदार हातातला माल टाकून उठतो. त्यास शिस्तभंग समजले जाते.

६. यापुढे नारळ जलाशयात न सोडता वर्सोव्यास जाऊन, जलाशयाच्या नावाने, समुद्रात सोडण्याची अर्जदार हमी देतो. तेथे पंप नाही.

सोमवारी श्री. धोंडिराम यांची टगवर कायम नेमणूक होणार असे कळते. तत्पूर्वी अर्जदारास परत घ्यावे. सुकाणू देणे अशक्य असल्यास, श्री. धोंडिराम यांच्या हाताखाली दोर धरण्यास तरी घ्यावे. ते टग कशीही वळवोत, अर्जदार वाद घालणार नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहत उभा,
शिवदास लवू तांडेल
मुलुंड, दि. १२ सप्टेंबर १९८६