काढून टाकलेली पानं

॥ श्री ॥

सातारा,
५ जुलै १९९९

चि. सौ. ज्ञानदा हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आमचा मुकुल बारावीच्या अभ्यासाला लागला आहे, म्हणजे पुस्तक उघडून झोपतो. वाईहून आपले तात्या चार दिवस राहून गेले. तुझी आठवण काढत होते.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. महिन्यापूर्वी आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. बोराएवढी. दुखत नाही, पण जातही नाही. कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. आपल्या आईने दोन वर्षं पदराखाली झाकली आणि शेवटी काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं. दाखवायला हवं हे कळतं. पण आमचे डॉक्टर ह्यांचे शाळासोबती, त्यांच्यापुढे कशी जाऊ? फोन करू नकोस, तो बैठकीतच आहे, सगळ्यांना ऐकू जातं. हे पत्र वाचून फाडून टाक.

माया आहेच, ती काळजीने आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

सांगली,
९ जुलै १९९९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. ताई, मिरजेच्या इस्पितळात चल. इथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे तुला ओळखणारं कुणी नाही आणि तपासायला डॉक्टरीणबाईच आहेत.

दुसरं असं, की मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासात इंटरनेट आलं आहे. जपानी लोक चित्रकथेला मंगा म्हणतात आणि त्या काही नुसत्या पोरांसाठी नसतात. परदेशातला कुणी विद्यार्थी त्या इंग्रजीत करून सगळ्यांना वाचायला ठेवतो. त्यात मला एक सापडली. फुमिको नावाच्या शाळामास्तरीणबाई, तुझ्याच वयाच्या, त्यांना गाठ लागते. चित्रं काढणारीही बाईच आहे. झाकलेलं काही नाही आणि चाळवणारंही काही नाही. बारा भागांपैकी चार छापून पाठवते आहे. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांतलं मराठी माझ्या हातचं, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. फोनची लाइन सारखी तुटते, बाकीचे पुढच्या आठवड्यात.

भाऊजींना नमस्कार. धीर धर, मी आहे.

तुझी,
ज्ञानदा

सातारा,
१८ जुलै १९९९

चि. सौ. ज्ञानदास,
आशीर्वाद आणि एक धपाटा. चुका सात आहेत.

न्हाणीघराला कडी घालून वाचलं. आधी लाजले. मग फुमिको आरशापुढे हात वर करून बघते तसं बघितलं. इतक्या वर्षांत आपलं अंग मी असं कधी पाहिलंच नव्हतं. चित्रात तिची कातडी एका जागी आत ओढल्यासारखी दाखवली आहे. माझीही तशीच दिसते. तू काही समजावू नकोस, मला समजलं आहे.

पण चौथा भाग ऑपरेशनच्या दारातच संपतो. पुढे काय होतं? पट्टी सोडल्यावर काय दिसतं? आईचं मी शेवटचं तेवढं पाहिलं, मधलं काहीच पाहिलं नाही. ते कळल्याशिवाय माझा पाय मिरजेकडे वळणार नाही. लवकर पाठव.

वाट बघणारी,
ताई

सांगली,
२६ जुलै १९९९

ती. सौ. ताईस,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. बाकीचे भाग गेले. शनिवारी उघडलं तर फुमिकोच्या जागी एकच ओळ होती, प्रौढांसाठीचा मजकूर काढून टाकला आहे. त्या विद्यार्थ्याला मी ई-मेलने विचारलं. त्याचं उत्तर आलं, की ज्या कंपनीच्या जागेवर तो हे सगळं ठेवतो तिने बजावलं, उघडं अंग दिसलं तर सगळंच बंद करू. कुठलं अंग कशासाठी उघडं आहे हे बघत बसायला वेळ नव्हता, म्हणून सरसकट पुसलं, माफ करा. त्याच्याकडेही काही उरलेलं नाही. तलवारीने मुंडकी उडवणाऱ्या गोष्टी मात्र तिथेच आहेत.

इकडे प्रिंटरमध्ये अडकलेलं एक पान क्लासचे मालक आप्पासो यांच्या हाती लागलं. बाईमाणसाने असली चित्रं छापायची का, असं भर वर्गात बोलले. कारण सांगितलं असतं तर तुझं नाव निघालं असतं. बहुतेक काढतील मला.

ताई, एक कबूल करते. पुढचं मनाने रचून, फुमिको बरी झाली असं लिहून तुला पाठवणार होते. दोन पानं लिहूनही झाली. मग फाडली. पुढे काय होतं ते मला माहीत नाही. तू थांबू नकोस. येत्या सोमवारी पहिल्या एस.टी.ने तुला न्यायला येते.

रागाव, पण तयार राहा.

तुझी,
ज्ञानदा

सातारा,
२९ जुलै १९९९

चि. सौ. ज्ञानदास,
आशीर्वाद.

येऊ नकोस, असं लिहायला कालच कागद घेतला होता. तेवढ्यात साड्यांखाली ठेवलेली ती पानं ह्यांना सापडली. इस्त्रीचे कपडे ठेवायला कपाट उघडलं होतं. मी दारात आले तर पलंगावर बसून वाचत होते. वाटलं, आता विचारतील, ही घाण घरात कुठून आली. त्यांनी चौथा भाग संपवला, पानं नीट जुळवली आणि मान खाली ठेवूनच विचारलं, कुठल्या बाजूला?

हात ठेवून दाखवलं. मग माझ्याआधी तेच रडले.

सोमवारी आम्ही दोघं येतो. तू इकडे येऊ नकोस, मिरजेलाच ये. ज्ञानदा, मला फार भीती वाटते आहे.

तुझी,
ताई

सातारा,
१४ सप्टेंबर १९९९

चि. सौ. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद. काल मिरजेच्या इस्पितळातून सुखरूप घरी पोचलो.

आप्पासोंनी तुला काढलं, हे ह्यांच्याकडून कळलं. माझ्यापायी झालं आणि तू महिनाभर उशाशी बसून चकार शब्द काढला नाहीस.

काल निघण्याआधीच्या तपासणीच्या वेळी तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगता आली नाही. शेजारच्या खाटेवर कुंडल गावची साळूबाई होती. आज तिचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि ती चपला घालून घरी निघाली होती. सुनेने दंड धरला तरी ऐकेना. मला बघून थांबली. म्हणाली, आवं ताई, तुमचं झालं व्हय? मी हो म्हटलं. मग अगदी हळू म्हणाली, आत काय ऱ्हातंय वं? कुणी सांगत न्हाई. लय भ्या वाटतंय.

पडदा ओढला आणि हुकं सोडली. पट्टी सुटल्यावर मीसुद्धा एकदाच पाहिलं होतं, तेही अर्धवट. काखेपासून मधोमधपर्यंत आडवी रेघ, टाक्यांच्या खुणा, सपाट लालसर कातडी. साळूबाई वाकून बघत राहिली. हात लावू का म्हणाली. तिचं बोट खरखरीत होतं. ती जागा अजून बधिर आहे, त्यामुळे मला ते कडेलाच जाणवलं. दुखतंय का, तिने विचारलं. दुखतं, मी म्हटलं. डॉक्टरीणबाई वेळेत आलात म्हणतात, पण पुढचं वचन देत नाहीत आणि मला अजून भीती वाटते, हेही सांगितलं.

तिने चपला काढल्या, खाटेखाली सरकवल्या आणि आडवी झाली.

असाच लोभ धरून ठेव.

तुझी,
चारुशीला