दालमिलमधला दलाल

३ फेब्रुवारी, दुपार
हे हयात असताना लाइट गेली की आम्ही दोघं आणि ड्रायरवरचा सुदाम तुरीच्या पोत्यांवर बसून शेंगा खायचो. मिल गप्प, आम्ही गप्प.
आता मशीनच बोलणार. नांदेडहून इंजिनिअर समीक्षा अहमदपूरला आली, ड्रायरला सेन्सर लावला. मशीनांचा प्रोटोकॉल समजावत होती. मला! कोणी कधी बोलायचं, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी आम्हाला तिसरीतच शिकवलं होतं.
ड्रायर तापला की निरोप ब्रोकरकडे जाणार, ब्रोकर तो सुदामच्या फोनवर धाडणार. ब्रोकर? यांनी तीस वर्षांत मिलच्या आत दलाल येऊ दिला नाही.
सुदामला बजावलं, आता तुरीत हात घालून बघायचं नाही. फोन सांगेल.

५ फेब्रुवारी
सेटिंगमध्ये ‘ब्रोकर’ दिसला. बंद केला. समीक्षाला विचारलं नाही; इंग्रजी माझंच चांगलं.

६ फेब्रुवारी
सगळे फोन शांत. मशीनं थेट आणि सभ्यपणे बोलताहेत.

८ फेब्रुवारी
ड्रायरमधली तूर करपली. सगळ्यांसमोर सुदामला झापलं. म्हणाला, वैनी, फोन वाजलाच न्हाई, अन् हात तुम्हीच लावू दिला न्हाई. आठ दिवस घरी बस म्हटलं. शिस्त लागतेच.

९ फेब्रुवारी
सुदामची बायको धुरपता मिलच्या चाव्या घेऊन आली. घ्या म्हणाली, तुमचं मशीन लई बोलतंय म्हणं, त्यालाच द्या.
जेवण गेलं नाही. उन्हामुळे असेल.

११ फेब्रुवारी
समीक्षाने पॅनेल उघडलं. काकू, ब्रोकर कुणी बंद केला? लाइट गेली असेल, म्हटलं. ती म्हणाली, इथं नोंद आहे: पाच तारीख, चार दहा, तुमचं नाव. ब्रोकर म्हणजे दलाल नव्हे हो, निरोप वाटणारा पोस्टमन. ड्रायर बिचारा सांगत होता, ऐकायला कुणी नव्हतं.
मी खोटंही बोलले. साठीत.

१२ फेब्रुवारी
सुदामच्या घरी गेले. तो म्हणाला, झापलं चारचौघांत, अन् माफी घरात व्हय?

१३ फेब्रुवारी, सकाळ
मिलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, दलाल समजून ब्रोकर मीच बंद केला, चूक माझी. सुदामने विचारलं, मग वैनी, दलाल ठेवला का परत? सगळे हसले. मीही, उशिरा.
कोणता निरोप कुणाला, असं समीक्षाने विचारलं. लिहून दिलं:
ड्रायरची उष्णता: सुदामला, सर्वांत आधी. हात घालून बघायची मुभाही त्यालाच.
मोटरचा आवाज बदलला: फिटर शिवलिंगला.
सेटिंगला कुणी हात लावला: समीक्षाला, ताबडतोब.
मला: जेवणाची सुट्टी झाली, एवढंच. माझ्या फोनवर बंद करायचं बटण नको.