पटावर एक नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार गावाबाहेरची जुनी लाकडी शाळा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांना कायदा विचारत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

१. शाळेची इमारत माझ्या स्वकष्टार्जित मालकीची आहे. ती वडिलांनी बांधली. ते सुतार. गावाने लाकूड दिले, त्यांनी दोन उन्हाळे दिले. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. "उद्या गाव हललं तर शाळाही हलवता यावी," म्हणायचे. वर्ग एक, खिडक्या चार. मी तिथेच शिकले आणि पुढे चौतीस वर्षे तिथेच शिकवले. सुरुवातीला पटावर सत्तावन्न मुले होती. मग गिरणीला टाळे लागले, घरे एकेक करून शहराकडे गेली आणि शेवटच्या वर्षी पटावर एकच नाव उरले: माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे. शाळा बंद होऊन लिलावाला निघाली, तेव्हा मी ती घेतली आणि राहायला आले.

२. वडिलांचे दोन रंधे, पटाश्या व करवत धाकट्या भावाला द्यावी. तोही सुतार. त्याच्याशी मी एकोणीस वर्षे बोललेले नाही, कारण शाळा बंद करण्याच्या अर्जावर पहिली सही त्याची होती. सहीआधी तो मला विचारायला आला होता, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितले नाही. उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, पोरीला शहरातल्या शाळेत घालतोय."

"का? मी शिकवत नाही?"

"तुझ्यासारखं कोण शिकवतं? पण तिला बाई आहे, मैत्रीण नाही. घरी येऊन नुसती गप्प बसते गं."

"बाबांनी बांधलेली शाळा बुडवायला निघालास!" म्हणून मी दार लावून घेतले.

३. कपडे, भांडी, रेडिओ ज्याला गरज असेल त्याला जावे. लाकडाच्या व्यापाऱ्याला काही देऊ नये, बसायला खुर्चीसुद्धा. लिलावाच्या दिवशी मला म्हणाला होता, "बाई, सरपणात कशाला जीव अडकवता?"

४. भाचीला काही देण्याआधी एक कबुली देते. त्या शेवटच्या वर्षी एका सकाळी मी पाण्याची बादली घेऊन मागच्या दाराने येत होते. ती नऊ वर्षांची पोर वर्गात एकटी हजेरी घेत होती. गाव सोडून गेलेल्या मुलींची नावे पुकारायची, मग धावत त्या त्या बाकावर बसून वेगळ्या आवाजात "हजर बाई" म्हणायची. शेवटी तिने स्वतःचे नाव घेतले आणि म्हणाली, "गैरहजर."

मी दारातच थबकले. मग मुद्दाम बादली आपटली. ती जागेवर जाऊन बसली, मी शुद्धलेखन घातले. भावाला सांगितले असते, तर त्याने तिला दुसऱ्याच दिवशी नेले असते. म्हणून सांगितले नाही. पुढे सात महिने तिला तशीच बसवली आणि शाळा जगवतेय असे समजत राहिले. त्याच खोलीत स्वतः एकटीने राहायला लागल्यावर कळले, मी तिला कशात बसवले होते ते.

५. भाची आता शहराच्या कडेला पत्र्याखाली मुलांना शिकवते, असे ऐकते. इमारत तिला द्यावी. भावाने खुंट्या काढून, फळ्यांना क्रमांक घालून ती उतरवावी आणि तिकडे उभी करावी. माझ्या नावाची पाटी लावू नये. तिला नको असेल तर खुशाल विकावी, त्या व्यापाऱ्यालासुद्धा.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पण कलम चारची माफी मेलेल्या बाईने मागू नये. म्हणून याच्या दोन प्रती काढल्या आहेत, एक भावासाठी, एक भाचीसाठी. साक्षीला आलेले पोस्टमन समोर बसले आहेत. त्यांनी विचारले, "बाई, या केव्हा पोचवायच्या?"

"आजच."

"भाचीला?"

मी कलम दोन पुन्हा एकदा वाचले.

"भावाला आधी," मी म्हटले.

साक्षीदार : १. पोस्टमन (सही) २. दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)

लिहून देणार : शाळेतल्या बाई (सही)

स्थळ : शाळेचा वर्ग
दिनांक : ९ नोव्हेंबर, सकाळ