‘एकही जिवंत वृक्ष नाही’

आज सोमवार, दिनांक १४ जुलै २०२५ रोजी सकाळी, मौजे माळखेडा, तालुका सोनपेठ, जिल्हा परभणी येथील गायरान गट क्रमांक ११४ वर सहाशे चव्वेचाळीस झाडे जिवंत उभी आहेत. माझी मुलगी राजेश्री हिने मोजली ती सहाशे सत्तेचाळीस भरली. गावातील शेतकरी व्यंकटराव कदम यांनी वेगळी मोजली, ती सहाशे चव्वेचाळीस. तीन झाडांवरून वाद घालण्यात वेळ जाऊ नये म्हणून मी कमी आकडा धरला आहे. कमरेखालची रोपे दोघांनीही धरलेली नाहीत; मोजलेल्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा मारला आहे.

मृत्युपत्र असे सुरू होत नाही, हे वकील मंजुषाताईंनी मला दोनदा सांगितले. त्यांच्या समाधानासाठी पुढील मजकूर.

मी, भगवानराव किसनराव खंदारे, वय वर्षे ७३, धंदा सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार माळखेडा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर मला औषध नाही, नशा नाही, आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाचा होता, तो काल रात्रीच्या फोनवर संपला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी राजेश्रीने करावी. ती सेलूला शिक्षिका आहे आणि सही करण्याआधी कागद वाचते.

राहते घर, पुढचे अंगण व मागची न्हाणी यांसह, माझी पत्नी सुलाबाई हिच्याकडे तिच्या हयातीत राहील. तिच्या पश्चात राजेश्री आणि मुलगा सिद्धोधन यांना निम्मे-निम्मे. सिद्धोधनला ते विकायचे असेल तर त्याने आधी बहिणीला विचारावे. अंगणाच्या ओट्यावरून समोर गायरान दिसते, हे विकत घेणाऱ्याला सांगायची गरज नाही. मला मात्र ते एकतीस वर्षांच्या नोकरीत रोज दिसत होते. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथे नोंदवतो.

पोस्टातील ठेवीपैकी तीन हिस्से सुलाबाईचे. चौथा हिस्सा गायरानाच्या राखणदारासाठी. राखणदाराला गावातली चाळीस घरे दरवर्षी घरटी एक पायली ज्वारी देतात. ज्या वर्षी पीक बसेल आणि पायली निघणार नाही, त्या वर्षी या पैशातून ज्वारी घ्यावी. रोख देऊ नये. रोख दिली की हिशेब मागायला कोणीतरी कार्यालय उघडतो.

तीस मीटरची टेप, चुन्याची बादली आणि पत्र्याची पेटी राजेश्रीला. विळा व खुरपे माझ्या नावावर नाहीत. ते सुलाबाईचे आहेत आणि माझ्या मृत्युपत्रात त्यांचा उल्लेखसुद्धा नको, असे तिने बजावले होते. उल्लेख झाला, याबद्दल मी तिची माफी मागतो.

आता गायरानाबद्दल. मंजुषाताईंचे म्हणणे पडले की गायरान सरकारचे, त्यामुळे ते मी कोणाला देऊ शकत नाही आणि हे कलम काढावे. मला ते मान्य आहे. मी गायरान देत नाही. त्यावरचे माझे जे आहे तेवढेच लिहितो.

मी ज्या रोपवन कार्यालयात होतो त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्याने मला पेन्शन दिली आहे. या कार्यालयाने गट ११४ वर १९९८ साली बावीसशे रोपे लावली. पुढच्या मे महिन्यापर्यंत एकही राहिले नाही. मी रजिस्टरात एक्क्याऐंशी टक्के जिवंत लिहिले. २००४ साली त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावली आणि मी शहात्तर टक्के लिहिले. दर वेळी एक्क्याऐंशी लिहिले तर संशय येतो. खड्डे मोजले जात, रोपे मोजली जात, मजुरांचे दिवस मोजले जात. उभ्या झाडाला रकानाच नव्हता. झाड लावले की कार्यालयाचे काम झाले आणि झाड मेले की पुन्हा काम निघाले. जगलेल्या झाडाचा कार्यालयाला काही उपयोग नव्हता.

२००५ साली सुलाबाईने राखण धरली. तिने एकही रोप लावले नाही. मातीत जुनी कडुलिंबाची, हिवराची, पळसाची खोडे होती. एकेका खोडाला दहा-बारा फुटवे येत. ती एक जोमदार ठेवी, बाकीचे विळ्याने काढी. गावाशी तिने ठरवून घेतले की पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गुरे आत नाहीत. दिवाळीनंतर गवत विळ्यानेच कापायचे आणि दिवसाला घरटी एक डोक्यावरचा भारा न्यायचा. बैलगाडी आणायची नाही. दुष्काळात आजूबाजूच्या गावांची गुरे छावणीत गेली, तेव्हा या चाळीस घरांचे एकही जनावर गेले नाही. हे कुठल्याही अहवालात सापडणार नाही. गवताची पावती फाडलेली नव्हती.

व्यंकटरावांशी माझे वैर याच राखणीतले. २००६ च्या भाद्रपदात त्यांची म्हैस आत घुसली आणि सुलाबाईने ती कोंडवाड्यात नेऊन घातली. दंड भरून त्यांनी बोलणे सोडले. सोडण्याआधी मात्र बसथांब्यावरच्या हॉटेलात चार लोकांसमोर म्हणाले, “खंदारे सायबाची झाडं कागदावर जगत्यात. माळावर जगवायला बायको ठिवलीय.” मी एकोणीस वर्षे हे वाक्य सांभाळले, कारण ते खरे होते. काल मी त्यांच्या दारात गेलो आणि झाडे मोजून द्या म्हणालो. त्यांनी पायात चपला घातल्या आणि विचारले, “लहान-मोठी समदी धरायची का?” हे वैर मी इथे संपवतो. माझ्या वारसांना त्यात हिस्सा नाही.

मार्च २००९ मध्ये वर्षअखेरीला वरिष्ठांना नवी मंजुरी हवी होती. मंजुरीसाठी जागा रिकामी लागते. त्यांनी मला दाखला लिहायला सांगितला. मी जागेवर जाऊन येतो म्हणालो, तर ते म्हणाले, “खंदारे, तुमचंच गाव. तुम्हाला जायची काय गरज?” मी जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच लिहिले : सदर क्षेत्रावर एकही जिवंत वृक्ष नाही. खाली सही केली. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून चहा घेतला. समोर डोक्याएवढे उंच लिंब दिसत होते. निवृत्तीला एक वर्ष उरले होते आणि सेवापुस्तकावर शेरा नको होता, याशिवाय माझ्याकडे दुसरे कारण नाही. माळ उघडा होता तेव्हा मी तो भरलेला लिहिला आणि भरत होता तेव्हा उघडा.

मंजुरी त्या वर्षी आली नाही. ती या वर्षी आली. सोळा वर्षे झोपलेली फाइल उद्दिष्टासाठी उठवली गेली. ‘निरुपयोगी झुडपे’ जेसीबीने साफ करून पंधराशे खड्डे घ्यायचे आणि त्यांत पाच फुटी रोपे लावायची, असा आदेश आहे. म्हणजे लिंबाच्या जागी लिंब लावण्यासाठी लिंब उपटायचा.

मी जूनमध्ये अर्ज घेऊन माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी बालाजी हा पिंगळीचा पोरगा, नम्र आहे. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाइल माझ्यापुढे उघडली.

“काका, सही तर तुमचीच हाय की.”

मी म्हणालो, गाडी काढ, झाडे दाखवतो. त्याने फाइलची नाडी गुंडाळली.

“बघितली तर लिहावं लागंल. लिहिलं तर काम बंद. काम बंद तर निधी परत, अन् निधी परत गेला तर पुढच्या वर्षी ह्या तालुक्याला काहीच न्हाई. तुमीच सांगा, मी काय बघू?”

सोळा वर्षांपूर्वी त्याच्या जागी मी होतो आणि मी एवढा विचारही केला नव्हता.

म्हणून मी ठरवले की खरे काय ते मृत्युपत्रात लिहावे. गेल्या आठवड्यात पहिला मसुदा घेऊन सोनपेठला गेलो. मंजुषाताईंनी शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

“काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतं. जेसीबी पुढच्या गुरुवारी येतोय.”

मी म्हणालो, माझ्या माघारी निदान खरे तरी राहील. त्यांनी मसुदा परत माझ्याकडे सरकवला. परतीच्या एसटीत मला कळले की मी खरे बोलण्यासाठी मरणाची सोय पाहत होतो.

सिद्धोधनला फोनवर सांगितले तेव्हा तो चिडला. खोटा दाखला दिला असे स्वतः लिहून दिले तर चौकशी लागेल, पेन्शन थांबेल, आईला पुढे मिळायची तीही अडकेल. तो चुकीचे बोलत नव्हता. सुलाबाईने फोन माझ्या हातातून घेतला.

“अडकू दे. वीस वर्षं ज्वारीवर राखण केली, ती काय पेन्शनीसाठी?” आणि फोन ठेवून मला म्हणाली, “तुमी लिवा. ह्या बारीला बघून लिवा.”

तेव्हा लिहितो. मार्च २००९ चा दाखला खोटा आहे. १९९८ आणि २००४ च्या टक्केवाऱ्याही खोट्या आहेत. त्या मी लिहिल्या, मला कोणी बंदूक लावली नव्हती. गट ११४ वरचे गवत, झाडे, जमीन यांतले माझे काहीच नाही. माझी आहे ती त्या दाखल्याखालची सही, आणि ती मी परत घेतो. या मृत्युपत्रातले हे एकच कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याचे प्रतिज्ञापत्र मी मंगळवारी सोनपेठला करीन आणि एक प्रत बालाजीच्या टेबलावर ठेवून पोच घेईन. मग त्याला झाडे बघायची गरज उरणार नाही. ती मी लिहून दिलेली असतील.

बुधवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात ग्रामसभा आहे. तिथे हे कलम मी स्वतः वाचणार आहे. ठराव होईल की नाही, हे मला ठाऊक नाही; सरपंचाच्या पुतण्याचाच जेसीबी आहे. गुरुवारी सकाळी सुलाबाई भाकरी बांधून चुन्याचा पहिला पट्टा मारलेल्या झाडापाशी बसणार आहे. तिने दोघांपुरत्या भाकरी करायच्या ठरवल्या आहेत.

ठिकाण : माळखेडा, तालुका सोनपेठ
दिनांक : १४ जुलै २०२५

भगवानराव किसनराव खंदारे
(सही, जागेवर जाऊन पाहिल्यानंतर)

आमच्यासमक्ष सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

१. व्यंकटराव कदम, शेतकरी, माळखेडा. (माझ्या मोजणीत सहाशे चव्वेचाळीस. गुरुवारी पुन्हा मोजीन.)
२. दत्तराव सोळंके, टपाल खात्यातून निवृत्त, माळखेडा.