वरीलप्रमाणे

॥ श्री ॥
धार, ४ ऑगस्ट २०२५

चि. शार्दूल यास विनोदिनीकाकूचे अनेक आशीर्वाद.

फोनवर नको, पत्रच लिही. तुझं मराठी गंजलंय. घरचे कुळधर्म मोबाईलात भरायला प्रोग्राम करतोस, छान. पण महिनाभर नुसता विचारच: रकान्यांच्या तक्त्यात ठेवू, डेटाबेसात, की साध्या फाइलीत! मी मॅट्रिक बाई, पण हिशेब माझे चुकत नाहीत. आपले सणवार ते किती? तक्ता पुरे. सण, तिथी, नैवेद्य. सोबत यादी आहे. कागद वाया नको म्हणून जिथे तोच नैवेद्य, तिथे ‘वरीलप्रमाणे’ लिहिलंय.

माझे गुडघे हे असे, म्हणून यंदा तुझ्या काकांचं श्राद्ध पहिल्यांदाच देवासला, तुझ्या हातून. तेवढं बिनचूक होऊ दे. सूनबाईला आशीर्वाद.

देवास, १२ ऑगस्ट

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

तक्ताच ठेवला. मन डेटाबेसवर होतं, पण मित्र हर्षित म्हणाला, भिया, दो रोटी के लिए भंडारे की कढ़ाई क्यों? तुमची यादी जशीच्या तशी चढवली. फक्त शोधायला सोपं म्हणून नावं अ-आ-इ क्रमाने लावली. बेफिकर राहा. जयाचा नमस्कार.

देवास, १६ सप्टेंबर

ती. काकूस शि. सा. न.

गडबड झाली. तुमच्या यादीत दत्तोपंतकाकांच्या श्राद्धापुढे ‘वरीलप्रमाणे’, अन् त्याच्या वर बापूआजोबांचं श्राद्ध होतं, वडे अन् खीर. अ-आ-इ लावल्यावर वर आली चंपाषष्ठी. मोबाईलने सांगितलं ते जयाने रांधलं: कांदा घातलेलं वांग्याचं भरीत आणि रोडगे. श्राद्धाला, भर चातुर्मासात! तिने दोनदा विचारलं, हे नक्की ना? मीच म्हटलं, काकूंचा हिशेब चुकत नाही. गुरुजींनी येऊन कपाळाला हात लावला, तोवर पान गच्चीवर गेलेलं. अन् कावळा, सांगायला लाज वाटते, ठेवताक्षणी आला. पान साफ.

माफ करा. आता डेटाबेस करू का?

धार, २० सप्टेंबर

चि. शार्दूल यास आशीर्वाद.

पत्र वाचून देवापाशी बसले. डेटाबेस करून काय, त्यातही ‘वरीलप्रमाणे’च भरशील. चूक माझ्या काटकसरीची, आणि जरा तुझ्या अ-आ-इची.

पण ऐक. दर चातुर्मासात हे भरतासाठी रुसून बसत, मी कधी दाद दिली नाही. गेल्या वर्षी माझ्या वड्या-खिरीला कावळा दुपार कलली तरी शिवेना. हात जोडून ह्यांना सगळं कबूल केलं, भरीत सोडून.

प्रायश्चित्ताचा जप मी करते. गुरुजींना वडे-खीर कर. ह्यांच्या ओळीत मात्र ‘वरीलप्रमाणे’ पूस आणि ‘भरीत’ असं स्पष्ट लिही. मोबाईलला कुठे शाई लागते!

शेवटी ‘लोभ वरीलप्रमाणे’ लिहिणार होते, पण यापुढे सगळं पुरतं लिहायचं ठरवलंय: तुम्हां दोघांवर माझी फार माया आहे.

विनोदिनीकाकू