दुसरं वासरू

प्रिय देवीदास,

चहा पिऊन तू तीनच्या एसटीनं अकोल्याले निघून गेला, अन् मागचं निस्तराले मले ठेवलं. तुले काय, दोन शब्द बोलला अन् मोकळा झाला. गेल्या रविवारी माझ्या ओट्यावर वीस माणसं जमवली, पंजाबरावच्या वावरातलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान कुटलं, शिशीतल्या पाण्यात कालवलं, त्यात ती कागदाची पट्टी उभी केली, दहा मिनिटं घड्याळ पाह्यलं अन् म्हणाला, “रेघ नाही. बीटी नाही, बियाणं बोगस.” बियाणं गफ्फारभाऊच्या दुकानातलं. त्या दिवसापासून त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढलं नाही. कोणीतरी कुलपाले शेण फासलं. बुधाजीच्या बायकोले अडल्या वेळी गफ्फारभाऊनंच आपल्या गाडीवर दवाखान्यात नेलं होतं, तोच बुधाजी पारावर बसून म्हणते, “एवढा गोड बोले, तवाच समजाले पाहिजे होतं.” अन् गुरुवारी पंजाबरावनं वीतभर आलेल्या चार एकर पऱ्हाटीवर वखर फिरवला. तुझ्या दोन शब्दांवर, हे ध्यानात ठेव. गफ्फारभाऊच्या हलीमाबीशी भिंतीवरून बोलल्याशिवाय माझी भाकर तव्यावरून उतरत नव्हती, ती आता भिंतीशी येत नाही. तिच्या घरी सामान बांधणं सुरू आहे. येत्या शुक्रवारी दुकान बंद करून नवराबायको वरूडले जाणार, तिच्या भावाकडे संत्र्याच्या पेट्या भराले. साठ वर्षांचा माणूस. इथंच जन्मला, इथंच म्हातारा झाला.

तू फेकलेली पट्टी मी उचलून कुंकवाच्या डबीत ठेवली होती. रोज काढून पाहो. लाल रंग बुडाशीच गोळा होऊन बसलेला, वर चढलाच नव्हता. परवा शुक्रवारी पंजाबरावच्या धुऱ्याले, बांधाच्या कडेले, वखरातून वाचलेली पाच झाडं होती, त्यांचं एकेक पान ओल्या फडक्यात बांधलं अन् अकोल्याले तुझ्या बियाणं तपासाच्या प्रयोगशाळेत गेली. तू सासुरवाडीले चांदूर बाजारले गेला होता, ते बरंच झालं. कोणाची बहीण आहे ते मी सांगितलं नाही. तिथल्या आरती मॅडम भेटल्या. मी म्हटलं, मॅडम, मी चौथी शिकली, पण मले हे समजल्याशिवाय मी उठत नाही. बाई चांगली, तीन डाव सांगितलं.

त्या पट्टीवर मधात एक रेघ आधीच मारलेली असते, पण दिसत नाही. तिथं कागदाले प्रतिपिंड चिकटवून ठेवलेले असतात. आपल्या अंगात रोगाले धरतात, त्याच जातीचे. ज्याचं जे ठरलं तेच तो धरते, दुसऱ्याले हात लावत नाही. हे धरतात बीटीच्या पानातलं अळी मारणारं प्रथिन. मले आपल्या गोठ्यावरून समजलं. सांजेले कळप येते तेव्हा खुंट्याचं वासरू शंभर गाई जाऊ देते, अन् आपली माय आली की तिलेच लुचते, पुढं जाऊ देत नाही. पट्टीतला लाल रंग म्हणजे गाईच्या शिंगाले लावलेला गेरू. माय जिथं थांबली तिथं लाल रेघ उमटली. पण त्याच्यावर अजून एक रेघ असते, देवीदास. ते दुसरं वासरू आपल्या कबऱ्यासारखं द्वाड, गेरू लावलेली कोणतीही गाय त्याले चालते. बियाणं खरं असो का बोगस, त्याले दूध भेटतेच. तेच उपाशी राह्यलं तर कळप गावात आलाच नाही असं समजाचं. मग माय होती का नव्हती, हे कोण सांगीन?

मॅडमनं माझ्यासमोर पाचही पानं तपासली. पाचही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा. दोन्ही वासरं प्याली. बियाणं खरं.

आता बोल. त्या दिवशी वरची रेघही नव्हती, हे तू पाह्यलं नाही? रोजच्या शंभर पट्ट्या तुझ्या हाताखालून जातात. तू पाह्यलं. वीस माणसं तोंडाकडे पाहून राह्यली होती, अन् “पट्टी खराब गेली, मले सांगता येत नाही” एवढं तुझ्या तोंडून निघालं नाही. ही खोड तुले लहानपणची. शाळेत साहेब आले, तेव्हा सोळाचा पाढा येत नाही म्हणाचं सोडून तू मनानंच आकडे म्हणत गेला, अन् छाती काढून घरी आला. तेव्हा मीच हसली होती. तेव्हाच एक लावाले पाहिजे होती.

पण पट्टी काहून खराब गेली, हे तुले माहीत नाही. मले माहीत आहे, म्हणून तर लिहून राह्यली. तू माणसं गोळा कराले पारावर गेला, तेव्हा साखरेचा डबा काढताना तुझी ती औषधाच्या पाण्याची शिशी माझ्या हातानं पडली अन् सांडली. जाताना तूच म्हटलं होतं, “बाई, याले हात लावू नको, तुले काय समजते त्यातलं.” मग मी सांगितलं नाही. शिशी भरली अन् जागेवर ठेवून दिली. गोडं पाणी त्या दिवशी हलीमाबीनं दिलेलं घागरभर होतं, ते तुमच्या चहाले गेलं. शिशीत घातलं आपल्या खाऱ्या विहिरीचं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ते. पाण्याचं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, एवढ्या खारात तो रंग फाटून बुडाशीच बसते. तिच्याच घरच्या पाण्याचा चहा पाजला अन् तिच्याच नवऱ्याले चोर ठरवलं, अन् मी आठ दिवस भाकरी थापत राह्यली. पंजाबरावची पऱ्हाटी तर आता मी भरून देऊ शकत नाही. येत्या गुरुवारी बाजार आहे. नव्या पट्ट्या अन् नवी शिशी घेऊन ये, अन् गफ्फारभाऊच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, धुऱ्याच्या पानांची तपासणी कर. शिशीचं मी आधी बोलीन, वरच्या रेघेचं तू बोल. मी एकटी बोलली तर म्हणतील शेजारणीसाठी खोटं बोलते, म्हणून तू पाहिजे. नाही आला तर दोन्ही गोष्टी मीच बोलीन, मग गावात पाय ठेवताना विचार करजो. चिठ्ठी श्रावण कंडक्टरच्या हाती देऊन राह्यली. मंगळवारच्या परतीच्या गाडीनं त्याच्याच हाती एका शब्दात लिहून पाठव, येतो का नाही.

तुझीच मोठी बहीण,
पार्बता